हेल्मेट सगळ्यात शेवटी

कोथरूडमध्ये सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी जुनी सोसायटी हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसतेच. पत्र्याच्या कुंपणावर बिल्डरचं नाव, रेराचा क्रमांक आणि शेजारी पिवळ्या हेल्मेटचं चित्र: ‘सुरक्षा प्रथम’. नोकरी सांभाळून, घरबसल्या औद्योगिक सुरक्षेचा पदव्युत्तर अभ्यास करायला घेतलेल्या माणसाला पहिल्याच पुस्तकात या चित्राच्या बरोब्बर उलटं वाचायला मिळतं. धोक्यावरच्या उपायांची एक उतरंड तिथे मांडलेली असते आणि हेल्मेट, हातमोजे, मास्क, गॉगल ही सगळी मंडळी तिच्या तळाला बसलेली असतात. वर असतं धोकाच नाहीसा करणं. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरणं. तेही नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये जाळी, झाकण, पंखा असं काहीतरी उभं करणं. मग नियम, पाळ्या, पाट्या, प्रशिक्षण. एवढं करून जे उरेल त्याच्यासाठी हेल्मेट.

ही उतरंड ज्यानं रचली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार. हेल्मेट उपयोगी पडायचं तर ते साइटवर हवं, मापाचं हवं, डोक्यावर हवं, पट्टा लावलेला हवा. आणि हे रोज, प्रत्येकाच्या बाबतीत, मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा. लिफ्टच्या उघड्या डक्टला एकदा घट्ट लोखंडी फाटक बसवलं की त्याला कंटाळा येत नाही, तहान लागत नाही, मुकादमाची घाई त्याच्यापर्यंत पोचत नाही. जितकं खाली उतरावं तितका भार कामगाराच्या सावधपणावर पडतो. एकदा हे डोक्यात शिरलं की कोथरूड पूर्वीसारखं दिसत नाही.

साधा स्वयंपाकघरातला ओटा घ्या. इथल्या जुन्या फ्लॅटांत काळा कडप्पा असायचा, मूळचा चुनखडीचा दगड. मग ग्रॅनाइट आला. त्यात साधारण पाव ते तिसरा हिस्सा क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. आता पुनर्विकासातल्या नव्या घरांत पांढराशुभ्र, डाग न पडणारा ‘क्वार्ट्झ’चा ओटा मागतात. हा दगड डोंगरातून येत नाही, कारखान्यात बनतो. दगडाची पूड राळेत घट्ट दाबून तो तयार करतात आणि त्यातलं सिलिकेचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. ओटा म्हणून तो निर्धोक आहे. त्याच्यावर पोळ्या लाटून कुणाला काही होत नाही. धोका आहे तो सिंकसाठी चौकोन कापताना, ग्राइंडरच्या पात्याखाली.

तिथे उडणारी जी धूळ डोळ्यांना दिसते ती फारशी घातक नसते. ती नाकातच अडकते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. 10 मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाहीत, हवेत बराच वेळ तरंगत राहतात आणि त्यांतले सगळ्यात बारीक थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे पहाऱ्यावर असलेल्या पेशी परक्या कणाला गिळून टाकतात. जंतूंच्या बाबतीत हा डाव साधतो. पण सिलिकेचा कण पचत नाही. त्याला गिळणारी पेशीच मरते, फुटते आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते, तोच कण गिळते, तीही मरते. कापणी थांबून वर्षं उलटली तरी आत हे चक्र चालूच राहतं, फुप्फुसावर व्रण पडत जातात. हाच सिलिकोसिस. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या 29 रोगांची यादी होती, त्यात तो होता.

पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ पुष्कळच बसते. उतरंडीतली ही मधली पायरी. ऑस्ट्रेलियानं पाण्यावर आणि मास्कवर भरवसा ठेवून पाहिला आणि अखेर 1 जुलै 2024 पासून या कारखानी दगडावर बंदीच घातली, असं करणारा तो पहिला देश. सर्वांत वरची पायरी एका अख्ख्या देशानं गाठल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. आपल्याकडे मात्र ओटा कापणाऱ्या पोराच्या तोंडाला बांधलेला रुमाल हीच अजून बहुतेक ठिकाणी उतरंडीची वरची आणि खालची पायरी आहे.

या शास्त्राचा उगमही असाच एका घरगुती कामातून झाला. इटलीतल्या मोदेना गावी बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. त्याच्या घरातला मैल्याचा खड्डा उपसायला माणूस आला आणि जिवाच्या आकांतानं भराभर काम करू लागला. एवढी घाई कशाला, असं रामाझ्झिनीनं विचारलं. तो म्हणाला, इथे चार तासांहून जास्त राहिलो तर डोळे जातील. दुसरा कुणी असता तर नाकाला रुमाल लावून आत गेला असता. रामाझ्झिनी पुढची कित्येक वर्षं कुंभार, सोनार, खाणकामगार, धोबी, दायांकडे जाऊन त्यांच्या कामाच्या जागा बघत राहिला आणि 1700 मध्ये व्यवसायजन्य रोगांवरचा ग्रंथ त्यानं छापला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत आणखी एक प्रश्न घाला, असं त्यानं वैद्यांना सुचवलं: तू काम काय करतोस?

तीनशेहून अधिक वर्षं झाली तरी तो खड्डा आपल्या सोसायट्यांच्या अंगणात आहेच. सेप्टिक टँक, सांडपाणी शुद्धीकरणाची टाकी, जमिनीखालची पाण्याची टाकी, सगळ्यांना अभ्यासक्रमात एकच नाव: बंदिस्त जागा. या प्रकरणातलं भौतिक आणि रसायन इतकं विलक्षण आहे की परीक्षेचं पुस्तक वाचतोय हे विसरायला होतं. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो 19.5 च्या खाली गेला की जागा धोक्याची. तो कमी व्हायला विषारी वायूच लागतो असं नाही. रिकामी, स्वच्छ, आतून किंचित दमट लोखंडी टाकी नुसती बंद करून ठेवली तरी पुरतं. आतलं लोखंड गंजतं आणि गंजताना टाकीतला ऑक्सिजन खातं. महिन्याभरानं झाकण उघडून उतरणाऱ्याला काही दिसत नाही, वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव आपल्याला कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं होते, ऑक्सिजन घटल्यानं नव्हे. पाय शिडीवर असतानाच शुद्ध जाते.

मैल्याच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड तर लबाडच. कुजक्या अंड्याचा तो वास अगदी अत्यल्प प्रमाणातही ओळखता येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. वास गेला, म्हणजे वायू निघून गेला, असं समजून माणूस दोन पायऱ्या आणखी खाली उतरतो.

म्हणून झाकण उघडल्यावर आधी उतरतो तो चार वायूंचा मीटर, दोरीला बांधून. आणि तो एकाच ठिकाणी धरून चालत नाही. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर साठतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेच्याच वजनाचा. तोंडाशी, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी थांबून आकडे स्थिर होऊ द्यायचे, लिहून घ्यायचे, मगच पुढचं बोलायचं. यातला सर्वांत क्रूर भाग म्हणजे अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला उतरलेलेच मोठ्या संख्येनं मरतात. भाऊ भावासाठी उतरतो, वॉचमन दोघांसाठी. बाहेर उभ्या माणसानं आत उतरायचं नाही, बाहेरूनच कप्पीनं ओढायचं, हा नियम वाचताना निर्दय वाटतो खरा. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी केली. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ती 30 लाख केली. सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र टँक साफ करण्याचा विषय आला की चर्चा होते ती दराची.

परांचीवर चढलेल्या माणसाचं गणित त्या मानानं सोपं, पण त्यातही एक धक्का आहे. नऊ मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून, पडायला एक पूर्णांक चार दशांश सेकंदही लागत नाही आणि जमिनीवर आपटताना वेग ताशी 48 किलोमीटर असतो. म्हणून बेल्ट. बेल्टच्या दोरीला एक जाडसर पुडकं असतं. अनेकांना ती शिलाई खराब झालीय असं वाटतं. ती मुद्दाम तशी केलेली असते. आत घडी घालून शिवलेली पट्टी असते आणि झटका बसला की ती टाक्यामागून टाका उसवत जाते, म्हणजे शरीरावरचा जोर साधारण 600 किलोच्या आत राहतो. नाहीतर दोरी टिकली असती, पण मणका गेला असता. आता हिशोब करा: दोरीची लांबी दोन मीटर, उसवलेली पट्टी पावणेदोन मीटर, खाली लोंबणारा माणूस, वर थोडी सूट. पायांशी हुक मारला असेल तर खाली सहा मीटरहून अधिक मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या उंचीवर काम करणारा गवंडी नियमाप्रमाणे बेल्ट लावून, हुक मारून पडला तर पट्टी पुरती उसवण्याआधीच जमिनीला लागेल. तिथे कठडा आणि फळ्या हव्यात, बेल्ट फक्त फोटोपुरता. शिवाय बेल्टमध्ये लोंबकळत राहिलेल्याच्या पायांत रक्त साठतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला खाली कसं आणणार, हे तो वर चढण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

कोथरूडला या अभ्यासाचं नातं नवं नाही. मेट्रोमुळे ‘वनाज’ हे नाव आता साऱ्या पुण्याच्या तोंडी आहे. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला. ते नाव आलं पौड रोडवरच्या वनाज इंजिनिअर्स या कारखान्यावरून, आणि हा कारखाना ओळखला जातो तो गॅसच्या रेग्युलेटरसाठी. सिलिंडरमधला दाब शेगडीला सोसेल इतका खाली आणणारी ती बशीएवढी वस्तू म्हणजे उतरंडीची तिसरी पायरी: माणसानं काही लक्षात ठेवायची गरज नाही, यंत्र आपलं काम करतं. पण गॅस गळलाच तर? स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त संयुगाचा. हा वास जगभर सक्तीचा होण्यामागे अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातल्या न्यू लंडन गावची शाळा आहे. 18 मार्च 1937 ला तिच्या तळघरात साठलेला बिनवासाचा नैसर्गिक वायू पेटला आणि सुमारे 300 मुलं व शिक्षक दगावले. त्यानंतर कायदे झाले. आज पौड रोडवरच्या घरात ‘गॅसचा वास येतोय गं’ असं कुणी ओरडतं तेव्हा त्या शाळेतला धडाच कामी येत असतो.

वनाजची मेट्रोची कारशेड जिथे उभी राहिली तिथे पूर्वी शहराचा कचरा डेपो होता. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 मध्ये उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचं नेतृत्व आणि कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटीतून सुरू झालेलं काम, या दोन्हींतून ती घडली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. या बायकांच्या हाताला रोज लागायचे वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर, फुटक्या काचा. हातमोजे द्या, हा कुणालाही सुचणारा उपाय; पण उकाड्यात ओल्या कचऱ्यात हातमोजे घालून भराभर वेगळं करता येत नाही. ‘स्वच्छ’नं घराघरांना सांगितलं: असा कचरा वेगळ्या कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा. एक स्केचपेन पुरतं. पण धोका जिथे जन्मतो तिथेच तो ओळखायची जबाबदारी आली आणि ती पेलायची होती कचरा करणाऱ्यानं. कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात शोभेल असं हे उदाहरण आपल्या जिन्याखालच्या बादलीत पडून असतं.

चांदणी चौकाचा जुना पूल मात्र वेगळंच शिकवून गेला. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर, सुमारे 600 किलो स्फोटकं भरून तो उडवला. वाहतूक बंद, आसपासचा परिसर मोकळा, सगळं आखल्याप्रमाणे. आणि पूल पूर्ण पडलाच नाही. आत अपेक्षेपेक्षा जास्त लोखंड निघालं, उरलेलं मशिननं तोडावं लागलं. समाजमाध्यमांवर खूप हशा पिकला. सुरक्षेच्या विद्यार्थ्यानं हसावं की नाही कोण जाणे, पण अंदाज चुकला तरी कुणाला इजा झाली नाही ती आधी माणसं दूर नेली होती म्हणून. स्फोटाचा हिशोब चुकू शकतो, हे गृहीत धरूनच अंतर ठरवलेलं असतं.

महाराष्ट्रात कामगाराच्या सुरक्षेची मागणी पहिल्यांदा कागदावर मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. 1881 चा पहिला कारखाना कायदा मुलांच्या कामाचे तास आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण एवढ्यावर थांबला होता. सप्टेंबर 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली, ती आपण आजही लोळून साजरी करतो. भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. विश्रांतीचा अर्धा तास ही नुसती दयेची मागणी नव्हती हे आता मोजून दाखवता येतं. थकलेल्या माणसाच्या चुका वाढतात आणि दमट गिरणीत शरीराला थंड व्हायला वेळ लागतो, याची आता सूत्रं आहेत.

आता हे सगळं दुरून शिकता येतं का? चाकण, तळेगाव, पिरंगुटच्या पाळ्या करून रात्री कोथरूडच्या घरी पुस्तक उघडणारे हाच प्रश्न आधी विचारतात. ब्रिटनमधल्या, 1979 साली स्थापन झालेल्या नेबॉश या परीक्षा मंडळाची प्रमाणपत्रं आणि पदविका आखातातल्या नोकऱ्यांमुळे आपल्याकडे लोकप्रिय आहेत. 2020 मध्ये कोविडच्या काळात त्यांनी घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून द्यायची परीक्षा आणली. पाठांतराचा तिथे उपयोग नाही; एका काल्पनिक कारखान्याची हकीकत देतात आणि त्यातून पुरावा काढून दाखवायचा असतो. त्यांच्या सर्वसाधारण प्रमाणपत्राचा दुसरा भाग मला सर्वांत आवडतो: स्वतःच्या कामाच्या जागेतले किमान दहा धोके शोधायचे, निदान पाच वेगवेगळ्या प्रकारचे, आणि कुठला आधी दूर करायचा ते पटवून द्यायचं. वर्गात बसलेल्या मुलाला यासाठी कारखाना शोधत फिरावं लागेल. नोकरदाराच्या हाताशी तो रोज आठ तास असतो. फक्त पिरंगुटच्या रस्त्यानं वर्षानुवर्षं जाऊनही न दिसलेलं, कारखान्यातून बाहेर पडायच्या वाटेवरचं एक बंद दार त्याला आता दिसू लागतं. त्याच रस्त्यावरच्या उरवड्यात 7 जून 2021 ला रसायनांच्या कारखान्यात आग लागून 17 कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या.

पैसे भरण्याआधी मात्र एक पाहावं. ज्ञान मिळणं आणि कायद्यानं सुरक्षा अधिकारी होता येणं या दोन गोष्टी वेगळ्या. 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे हजार किंवा अधिक कामगार असतील तिथे असा अधिकारी लागायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही मर्यादा 500 वर आली, धोकादायक प्रक्रिया आणि बांधकामासाठी 250 वर. म्हणजे माणसं जास्त लागणार. पण त्या पदासाठी राज्य मान्य करतं ती पदविका, मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चालते तशी वर्षभराची पूर्णवेळ. कुठलंही टपालानं आलेलं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यकशास्त्र दूरस्थ पद्धतीनं शिकवायला यूजीसीची मनाई आहे, आणि हा विषय अर्धा त्या दोघांत, अर्धा कायद्यात आणि मानसशास्त्रात. जाहिरातीतल्या ‘मान्यताप्राप्त’ला कुणाची मान्यता, कशासाठी, हे विचारूनच पुढे जावं.

कारखाना कायद्याखालच्या नियमांत या अधिकाऱ्यासाठी पदवी आणि अनुभवाच्या जोडीला आणखी एक अट असायची: त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला नीट यायला हवी. कोथरूडच्या साइटवर ती भाषा मजल्यागणिक बदलते. सेंटरिंगवाले बंगाली, फरशीवाले राजस्थानी, माती उपसणारे कर्नाटकच्या सीमेकडचे किंवा मराठवाड्यातले, आणि सेफ्टीवाल्यानं अभ्यास केलेला इंग्रजीत. सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटांचा ‘टूलबॉक्स टॉक’ होतो तेव्हा तो मोडक्या हिंदीत बोलतो आणि मुकादम पुढे सांगतो. तिथे ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्याचं उत्तर कायम ‘हां साहब’ असंच येतं. त्यापेक्षा बेल्ट त्याच्या हातात द्यायचा आणि हुक कुठे मारणार ते दाखव म्हणायचं.